११ वर्षांचा मुलगा गोष्टीचं पुस्तक बंबात टाकायला निघाला: ख्रिस्ती घरात कुठल्या गोष्टी चालतात?

नगरकरीण | मंगळवार, रात्री १०.२०

सर्वांना सलाम.

आमच्याकडे अंघोळीचं पाणी अजून बंबावर तापतं. परवा संडे स्कूल सुटल्यावर माझा ११ वर्षांचा मुलगा घरी आला तो पाणीसुद्धा न पिता मागच्या पडवीत गेला आणि बंबापाशी उकिडवा बसून राहिला. हाक मारली, उत्तर नाही. जाऊन बघते तर मांडीवर शाळेच्या शर्टात गुंडाळलेलं पुस्तक. मला म्हणाला, "आई, मी टाकू का तू टाकतेस?"

'हॅरी पॉटर आणि परीस'. मामानं वाढदिवसाला दिलेला मराठी अनुवाद. मधोमध खूण म्हणून एसटीचं तिकीट ठेवलेलं.

त्या दिवशी वर्गात प्रेषितांच्या कृत्यांचा १९ वा अध्याय झाला होता. इफिसच्या लोकांनी जादूटोण्याची पुस्तकं आणून सगळ्यांदेखत जाळली आणि त्यांची किंमत ५०,००० रौप्यमुद्रा भरली, तो भाग. शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमच्यापैकी कुणाच्या घरी जादूची पुस्तकं आहेत? यानं हात वर केला. बाईंनी सगळ्या पोरांसमोर सांगितलं, ते सैतानाचं पुस्तक आहे, घरी जा आणि जाळून टाक.

मी जाळू दिलं नाही. पण "का नाही जाळायचं?" असं त्यानं विचारलं तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. दोन रात्री ते डोक्यात आहे.

माझी आजी, वडिलांची आई, निरक्षर होती. उधळ्या पुत्राची गोष्ट मी पहिल्यांदा तिच्याकडून ऐकली, चुलीपुढे, भाकरी थापता थापता. तिच्या गोष्टीतला धाकटा वाटणी घेऊन मुंबईला जायचा. तिथं पैसे उडवायचा. मग बहात्तरचा दुष्काळ पडायचा, हा खडी फोडायला जायचा, तिथंही काम मिळेना म्हणून दुसऱ्याची डुकरं राखायचा. परत यायचा तेव्हा बाप धोतराचा सोगा हातात धरून वेशीपर्यंत पळत यायचा. आजी तव्यावरची भाकरी उलटायची आणि म्हणायची, "म्हातारा माणूस गावात पळत न्हाई. लोक हसत्यात. पर ह्यो पळाला." शेवटी थोरला भाऊ रुसून ओट्याखाली उभा. बाप त्याची समजूत घालतोय. तिथं आजी गप्प व्हायची. आम्ही विचारायचो, मग थोरला आत गेला का गं? ती म्हणायची, "शास्त्रात लिवलेलं न्हाई. तू गेली असतीस का?"

मुंबई, खडी, वेस यातलं काहीही लूकच्या १५ व्या अध्यायात नाही. आजीनं ते पदरचं घातलं. पण त्या बापाचं पळणं मला जन्मभर पुरलं.

म्हणून विचारते. पुस्तकं, सिनेमे, मालिका, कीर्तनं, सगळ्यांकडे ख्रिस्ती माणसानं कसं बघावं? इथं पाळक आहेत, कॅथलिक आहेत, ख्रिस्ती नसलेले वाचकही आहेत. सगळ्यांनी लिहा.

पाऊलखुणा | मंगळवार, रात्री ११.०५

पुस्तक वाचवलंत, फार बरं केलंत. ११ वर्षांचं पोर स्वतः होऊन अर्धवट वाचलेली गोष्ट आगीत टाकायला निघतं, म्हणजे ते आतून किती घाबरलं असेल. आधी त्याची भीती घालवा. बाकीचं नंतर.

निवृत्त_पाळक | बुधवार, सकाळी ६.१५

नगरकरीणताई, सलाम.

मी ३४ वर्षं खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांमध्ये सेवा केली. पुस्तक जाळू दिलं नाहीत ते योग्यच. पण त्या बाईंची बाजूही कुणीतरी मांडायला हवी, ती मी मांडतो.

इंग्लंडमधल्या मुलाला 'जादू' म्हटलं की टोकदार टोपी आणि उडणारा झाडू दिसतो. आमच्या गावातल्या माणसाला 'जादू' म्हटलं की करणी आठवते. भानामती आठवते. दारात पडलेलं लिंबू, बिब्बा टोचलेली बाहुली आठवते. "तुझ्या जावेनंच केलंय" असं देवऋषीनं सांगितलं म्हणून दोन सख्ख्या भावांच्या घरांत वर्षानुवर्षं पाण्याचीही देवघेव नव्हती, हे मी पाहिलं आहे. एका बाईनं बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री गळ्यातला ताईत काढून माझ्या हातावर ठेवला. तिचा हात इतका थरथरत होता की तो दोनदा खाली पडला. काळ्या दोऱ्याचा वळ तिच्या मानेवर स्पष्ट दिसत होता. त्या बाईला "जादू म्हणजे नुसती गंमत" असं मी कोणत्या तोंडानं सांगू? २०१३ साली आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, त्याआधी डॉ. दाभोलकरांचा जीव गेला. ही भीती आपल्याकडे अजून घराघरांत आहे. तुमच्या संडे स्कूलच्या बाई कुठून आल्यात, त्यांच्या घरात काय घडलंय, हे एकदा विचारून बघा.

आता शास्त्राचं. इफिसचा तो भाग मी अनेकदा उपदेशाला घेतला आहे. तिथं १९ व्या वचनाआधी १८ वं वाचावं लागतं. विश्वास ठेवलेले लोक आले, आपण काय काय केलं ते त्यांनी उघड कबूल केलं आणि मग ज्यांनी स्वतः जादूटोणा केला होता त्यांनी स्वतःचे ग्रंथ आणून जाळले. पौलानं कुणाच्या घराची झडती घेतली नाही, कुणाला हात वर करायला लावला नाही. आणि ते ग्रंथ मंत्रतंत्राचे, प्रत्यक्ष करायच्या कृतींचे होते. गोष्टीचं पुस्तक त्यात बसत नाही.

गोष्ट तर शास्त्रातच भरून राहिली आहे. शास्ते ९ मध्ये योथाम गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावर उभा राहून झाडांची गोष्ट सांगतो. झाडं राजा शोधायला निघतात. जैतून नाही म्हणतं, अंजीर नाही म्हणतं, द्राक्षवेल नाही म्हणते, शेवटी काटेरी झुडूप पुढं होतं आणि म्हणतं, या माझ्या सावलीत. झाडं बोलत नाहीत हे योथामाला ठाऊक नव्हतं का? आणि नाथान संदेष्टा. दावीद राजानं दुसऱ्याची बायको घेतली, त्याला मारवलं. नाथान त्याच्यापुढं जाऊन एका गरिबाच्या एकुलत्या एक कोकराची गोष्ट सांगतो. ते कोकरू त्याच्या ताटातलं खायचं, त्याच्या कुशीत झोपायचं. श्रीमंतानं तेच नेऊन कापलं. दावीद संतापून म्हणतो, असा माणूस मेला पाहिजे. नाथान म्हणतो, तो माणूस तूच. गोष्ट नसती तर राजाच्या कानापर्यंत ते सत्य गेलं नसतं.

वसईची_वाट | बुधवार, दुपारी १.४०

पाळकसाहेबांचं लिहिणं दोनदा वाचलं. करणीचा मुद्दा मला सुचलाच नव्हता.

मी कॅथलिक. आमच्या चर्चनं तर वाचू नयेत अशा पुस्तकांची यादीच ठेवली होती, १५५९ ते १९६६. ४०७ वर्षं. माझे आजोबा सांगायचे, यादीतलं नाव उच्चारायलाही माणसं दचकायची. त्या चर्चमध्ये २०२४ साली पोप फ्रान्सिस यांनी साहित्याच्या महत्त्वावर एक पत्र काढलं. आधी ते होऊ घातलेल्या धर्मगुरूंसाठी होतं, मग सर्वांसाठी केलं. त्यात त्यांनी स्वतःची आठवण सांगितली आहे. १९६४-६५ मध्ये ते अर्जेंटिनात सांता फे इथं जेझुइट या कॅथलिक संघाच्या शाळेत साहित्य शिकवत होते. अभ्यासक्रमात जुनं स्पॅनिश वीरकाव्य होतं, पोरांना नवा कवी लोर्का हवा होता. त्यांनी ठरवलं, जुनं काव्य घरी वाचा, वर्गात आपण तुम्हाला आवडतं ते घेऊ. एकदा गोडी लागल्यावर पोरं पुढे आपण होऊन बाकीच्या लेखकांकडे वळली.

हॅरी पॉटरबद्दल व्हॅटिकनमध्येही एकमत नव्हतं, हे मुलाला जरूर सांगा. २००३ साली तिथल्या पत्रकार परिषदेत एका धर्मगुरूंनी या पुस्तकांत आक्षेपार्ह काही नाही असं सांगितलं. त्याच वर्षी कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे पुढचे पोप बेनेडिक्ट, यांनी एका जर्मन लेखिकेला लिहिलेल्या पत्रात या गोष्टींच्या सूक्ष्म मोहापासून सावध केलं. आणि त्याआधी, २००१ च्या शेवटी, अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात अलामोगोर्डो गावच्या एका चर्चनं या पुस्तकांची चक्क होळी केली होती. म्हणजे तुमचा बंब एकटा नाही.

आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं उदाहरण इथं द्यावंसं वाटतं. 'सुवार्ता' मासिक त्यांनी बरीच वर्षं चालवलं. ते आमच्याकडे येणाऱ्या मोजक्या मासिकांपैकी एक. शेजारचे हिंदू गुरुजीही आमच्या ओट्यावर बसून ते वाचत. फादरांच्या 'सुबोध बायबल'ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि २०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या अध्यक्षपदाला विरोध झाला, तेव्हा आमच्या घरात सगळे फार दुखावले होते. आणि ज्या दिवशी ते व्यासपीठावर बसले त्या दिवशी माझी आई टीव्हीपुढून उठली नाही. ती म्हणत होती, आपली मराठी मराठीत मोजली गेली.

ओवीवेडा | बुधवार, रात्री ९.३०

मी ख्रिस्ती नाही. जुन्या मराठीचा विद्यार्थी आहे. नगरकरीणताईंच्या प्रश्नाचं एक फार जुनं रूप मला माहीत आहे, ते सांगतो.

१६१६ साली गोव्यात रायतूरला 'ख्रिस्तपुराण' छापून झालं. कर्ते फादर थॉमस स्टीफन्स, इंग्रज जेझुइट, १५७९ मध्ये गोव्यात आले आणि तिथंच १६१९ मध्ये वारले. १०,९६२ ओव्या. लिपी रोमन, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. भाषा मराठी, मधून कोकणीची छटा. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींची एकही प्रत आज हाती नाही. जे टिकलं ते लोकांनी हातानं उतरवून ठेवल्यामुळे. देवनागरीत छापून ते १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी आणलं.

मराठीला फुलांतल्या मोगरीची आणि सुवासांतल्या कस्तुरीची उपमा देणाऱ्या ओव्या भाषणात सगळेच म्हणतात. मला त्याच्या आसपासची दुसरी जागा जास्त महत्त्वाची वाटते. धर्मशिकवण संपल्यावर एक ब्राह्मण, नुकताच ख्रिस्ती झालेला, पाद्रीगुरूला विचारतो: तुम्ही आमच्या मागल्या पुराणांना मनाई केलीत, मग त्यांच्या जागी तसली पुस्तकं आम्हाला का करून देत नाही?

तो माणूस बघा. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेनं गोव्यातल्या साष्टी भागात देवळं पाडली, ग्रंथ नष्ट केले. त्याची पुराणं गेली. संध्याकाळी चार माणसं जमायची, एक जण वाचायचा, बाकीचे ऐकायचे, ते गेलं. प्रश्नोत्तरांची पुस्तिका पाठ झाली, पण त्यात गोष्ट नाही. आणि तो गोष्ट मागतो. स्टीफन्सनी त्याची मागणी ऐकली. त्यांनी बायबलची कथा ओवीत बसवली, आरंभाला नमन घातलं, स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलं. ज्ञानदेव-एकनाथांच्या वळणाची ओवी एका इंग्रज माणसानं इतकी आपलीशी केली की आजही मोठ्यानं वाचताना जीभ अडखळत नाही.

पण मला दोन्ही गोष्टी एकत्र सांगायच्या आहेत. ख्रिस्तपुराण सुंदर आहे आणि ते जळालेल्या पोथ्यांच्या जागेवर उभं आहे. तुमच्या मुलाला "मी टाकू का तू टाकतेस" असं विचारावं लागलं हे वाचून मला त्या साष्टीकराची आठवण झाली. त्यालाही कुणीतरी सांगितलं असेल, आण तुझी पोथी.

नगरकरीण | बुधवार, रात्री १०.१५

ओवीवेडा, हा प्रसंग मला माहीत नव्हता. आम्ही मोगरीच्या ओव्या नाताळच्या कार्यक्रमात पोरांकडून पाठ करून घेतो, आणि त्या माणसाचा प्रश्न कुणी सांगितला नाही. मुलाला आज रात्रीच सांगितलं. त्यानं विचारलं, "मग त्याला पुस्तक मिळायला किती वर्षं लागली?"

कीर्तनकाराचा_नातू | गुरुवार, सकाळी ८.५०

नगरकरीणताईंच्या नावावरून नगर आठवलं म्हणून लिहितो. माझे आजोबा ख्रिस्ती कीर्तन करायचे. फेटा, उपरणं, चिपळ्या, मागं पेटी आणि तबला. पूर्वरंगात एखादं वचन, उत्तररंगात योसेफाची नाहीतर रूथची कथा. योसेफाला भाऊ विहिरीत टाकतात तिथं ते तबला थांबवायचे आणि नुसत्या चिपळ्या वाजवत राहायचे, टिक, टिक, टिक. अख्खा मांडव श्वास धरून बसायचा. निम्मे लोक ख्रिस्ती नसायचे. आजही डोळे मिटले की मला तो आवाज ऐकू येतो.

हे वळण आमच्याकडे रुजलं त्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांचा वाटा मोठा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तरी ते सांगत राहिले की तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. तो पूल त्यांनी पाडला नाही. अभंग लिहिले, कीर्तनं केली, 'ज्ञानोदय' या ख्रिस्ती नियतकालिकाच्या मराठी भागाचं संपादन केलं, बालकवींना घरात ठेवून घेतलं. 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य हाती घेतलं आणि १९१९ मध्ये ते गेले तेव्हा थोडेच अध्याय झाले होते. उरलेले त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. लग्नाच्या वेळी लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनं.

आणि लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे'. चर्चमध्ये आपण साक्ष देतो ती नेहमी एका साच्यातली असते: आधी अंधार होता, मग प्रभू भेटला, आता सगळं छान. लक्ष्मीबाईंनी तसं काही केलं नाही. नवरा न सांगता ख्रिस्ती झाला तेव्हा झालेली तडफड, टिळकांचा संताप, पैशाची ओढाताण, स्वतःचं सोवळं कसं हळूहळू सुटत गेलं, हे सगळं जसंच्या तसं. त्या स्वतः १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या, पण त्या पानापर्यंत घाईनं नेत नाहीत. हे पुस्तक घरोघरी वाचलं गेलं, ख्रिस्ती नसलेल्या घरांत जास्तच. कुणी ते धर्मप्रसाराचं म्हणून बाजूला ठेवलं नाही, कारण त्यात एक बाई खरं बोलते आहे.

उलट उदाहरणही देतो, कारण मी फक्त कौतुक करत सुटलो तर ते प्रामाणिक होणार नाही. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन', १८५७. मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात तिला. यमुना आणि तिचा नवरा प्रवास करतात, जागोजागी विधवांच्या हकिकती ऐकतात, पुढे यमुना स्वतःच विधवा होते. केशवपनाची, कोंडून ठेवण्याची वर्णनं वाचवत नाहीत, इतकी खरी. पण मधूनमधून लेखक गोष्ट थांबवून उपदेश करतो आणि तिथं माझं मन उठतं. माझ्या मते ख्रिस्ती लेखनाचा आजही तोच आजार आहे. आपल्या मासिकांतल्या कथा बघा. तिसऱ्या पानावर दारुडा, पाचव्या पानावर प्रार्थनासभा, सहाव्यावर सुखाचा संसार. प्रभू येशूनं उधळ्या पुत्राची गोष्ट थोरल्याला दाराबाहेर ठेवून सोडून दिली. नगरकरीणताईंच्या आजीला ते कळलं होतं. आमच्या संपादकांना कळायला हवं.

निवृत्त_पाळक | गुरुवार, सकाळी ९.३०

हे शेवटचं मला लागलं. तसल्या कथा मी स्वतः लिहिल्या आहेत. विचार करतो.

थेम्सकाठी | गुरुवार, दुपारी ३.००

मी मूळची सोलापूरची, सध्या इंग्लंडमध्ये नोकरीला. ऑक्सफर्डला मॉडलिन कॉलेजच्या आवारात नदीच्या कडेनं एक पायवाट आहे, ॲडिसन्स वॉक. दोन्ही बाजूंना झाडं, खाली ओल्या पानांचा थर. मी तिथं मुद्दाम गेले होते.

१९ सप्टेंबर १९३१ च्या रात्री त्या वाटेवर तीन मित्र फिरत होते: सी. एस. लुईस, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टॉल्किन आणि ह्युगो डायसन. लुईस तेव्हा देव मानू लागला होता, पण ख्रिस्त मानत नव्हता. पुराणकथा कितीही सुंदर असल्या तरी त्या खोट्याच, असं तो म्हणायचा. टॉल्किन कट्टर कॅथलिक. त्याचं म्हणणं, त्या खोट्या नाहीत. माणूस देवाच्या प्रतिमेचा आहे म्हणून तोही निर्मिती करतो आणि त्याच्या गोष्टींत सत्याचे कण उतरतात. पहाटे तीन-चारपर्यंत बोलणं चाललं. त्यानंतर थोड्याच दिवसांत लुईस ख्रिस्ती झाला, आणि मित्राला पत्रात त्यानं लिहिलं की ख्रिस्ताची कथा ही खरोखर घडलेली पुराणकथा आहे. म्हणजे विसाव्या शतकात ख्रिस्ती विश्वासाची बाजू मांडणारा हा एवढा मोठा लेखक गोष्टींच्या दारातून आत आला.

त्या दोघांनी पुढे जे लिहिलं त्यात चेटकिणी आहेत, जादूगार आहेत, बोलणारे प्राणी आहेत. आणि गंमत वाटेल, टॉल्किनला लुईसची 'नार्निया' ही मुलांची कथामालिका मुळीच आवडली नव्हती. एकाच प्रभूला मानणारे दोन जिवलग मित्र, पण गोष्ट कशी सांगावी यावर मतं वेगळी. तुमच्या मुलाला आणि त्या बाईंना एकमेकांशी असहमत राहूनही एका बाकावर बसता येईल.

एक सुचवते. मुलाला विचारा, या पुस्तकातला नायक कशामुळे वाचतो? पहिल्या भागाच्या शेवटी त्याचं उत्तर आहे: त्याच्या आईनं त्याच्यासाठी जीव दिला म्हणून. कांडीमुळे नाही. संडे स्कूलच्या बाईंना हे माहीत असतं तर त्यांनी ते पान वर्गात वाचलं असतं असं मला मनापासून वाटतं.

माहीमची | गुरुवार, रात्री ८.१०

पुस्तकांवर भरपूर बोलणं झालं, मी सिनेमाकडे वळते. ख्रिस्ती मुलांना सिनेमात काय दिसतं याबद्दल कुणीतरी बोलायला हवं.

आम्ही तीन पिढ्या मुंबईत, घरात मराठी. शाळेत मला विचारायचे, तू ख्रिश्चन, मग मराठी कशी बोलतेस? कारण पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस कायम "मैं बोला, तुम आया" असलं बोलतो, गळ्यात मोठा क्रॉस, हातात बाटली. बाई असली तर फ्रॉक आणि चालचलन ढिली. कुंकू न लावणारी, नऊवारी नेसणारी, उपासना-संगीताच्या वहीवर चष्मा ठेवून झोपणारी माझी आजी मला एकाही सिनेमात भेटली नाही. चर्चमधली माणसं चेटकिणीच्या पुस्तकावर रागावतात, या चित्रणावर फारशी रागावत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

२००६ मध्ये ख्रिस्ताच्या संसाराची कल्पना करणारा एक हॉलिवूडपट आला तेव्हा मात्र मोर्चे निघाले. सेन्सॉरनं प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र दिलं, काल्पनिक असल्याची सूचना घालायला लावली, गोव्यासह काही राज्यांनी बंदीही घातली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मोर्च्यात गेले होते. आज जाणार नाही. तो वेळ मी आपल्या माणसांची गोष्ट लिहिण्यात घालवीन.

मडगांवची | गुरुवार, रात्री ९.००

माहीमची, तुमच्याच मुंबईनं आम्हा गोंयकारांना आमचा पडदा दिला! तियात्राचा, म्हणजे आमच्या कोकणी संगीत नाटकाचा, पहिला प्रयोग १७ एप्रिल १८९२ ला मुंबईत झाला, गोव्यात नाही. नोकरीला आलेल्या ख्रिस्ती गोवेकरांनी, कोकणीत. प्रवेशांच्या मधे कांतारां, म्हणजे गाणी, असतात, त्यांचा कथेशी संबंध नसला तरी चालतो. त्यात राजकारण्याला झोडतात, पाद्रीलाही सोडत नाहीत. आणि तेच लोक दुसऱ्या दिवशी मिस्सेला पहिल्या बाकावर. माझ्या बाबांचं म्हणणं, इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, ऐकलेलं डोक्यात राहतं आणि तियात्रात ऐकलेलं घरी येऊन भांडण लावतं. दोन्हींची गरज असते.

पाऊलखुणा | गुरुवार, रात्री ९.४०

येशूच्या जीवनावरचा 'दयासागर' कुणाला आठवतो? मूळ तेलुगू, १९७८ चा. आमच्या गावात शाळेच्या मैदानावर पांढरं धोतर ताणून दाखवायचे. खिळे ठोकतात त्या वेळी बायका मोठ्यानं रडायच्या, आणि मशीनवाला रीळ बदलायला थांबला की त्या अंधारात कुणी उठून जायचं नाही. मला वाटतं आमच्या गावातल्या निम्म्या लोकांना शुभवर्तमान त्या धोतरावरच पहिल्यांदा दिसलं.

नगरकरीण | रविवार, रात्री ८.४५

उशीर झाला, पण सांगण्यासारखं आहे.

पाळकसाहेबांचं ऐकून मी बाईंकडे गेले. आधी वाद घालायच्या तयारीनं गेले होते, मग त्यांच्या घरातला चहा घेतला आणि नुसतं विचारलं, तुम्हाला या पुस्तकांची एवढी भीती का वाटते? त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, त्या सात वर्षांच्या असताना त्यांच्या आईला फिट्स यायच्या. घरच्यांनी दवाखान्यात न नेता बाहेरचं आहे म्हणून एका भगताकडे ठेवलं. मिरच्यांची धुरी दिली. आई वाचली नाही. पुढे मावशीनं त्यांना मिशनच्या वसतिगृहात आणून सोडलं. "जादू हा शब्द ऐकला की मला अजून मिरची जळल्याचा वास येतो," म्हणाल्या. मी त्यांचा हात धरून बसले.

मी त्यांना पुस्तकाचं पटवू शकले नाही. त्या म्हणतात, मी वाचणार नाही, वर्गात नको. मी म्हणाले, बरोबर आहे, वर्गात नको, पण परत कुठल्या मुलाला जाळायला सांगू नका, आधी आईबापांशी बोला. हे त्यांनी मान्य केलं. थेम्सकाठींनी सांगितलेलं शेवटाचं तेवढं त्यांना सांगितलं, आईनं जीव दिल्याचं. त्या एकदम म्हणाल्या, "कुणाच्या आईनं?" मी सांगितलं. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

मुलाला त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीनं सांगितली. तो गप्प झाला. आज संडे स्कूलला जाताना त्यानं आमच्या परसातली मोगऱ्याची दोन फुलं बाईंसाठी खिशात घालून नेली, त्यांची पार चुरगळून माती झाली होती तरी त्यांनी ती बायबलमध्ये ठेवली म्हणे.

पुस्तक परत उशाशी आहे. एसटीचं तिकीट बरंच पुढं सरकलंय.

ओवीवेडा, ख्रिस्तपुराणाची अर्थासह देवनागरी प्रत कुठं मिळेल? नाताळाआधी हवी आहे. यंदा मोगरीच्या ओव्यांऐवजी त्या साष्टीकराचा प्रश्न पोरांकडून म्हणवून घ्यायचा विचार आहे, आणि चिपळ्या कीर्तनकाराच्या नातवाकडून मागवायच्या आहेत.

कीर्तनकाराचा_नातू | रविवार, रात्री ९.०५

चिपळ्या आजोबांच्याच आहेत, एकीची झांज जरा सैल आहे. शनिवारी घेऊन येतो.